ढोले सरांचं मेण

ढोले सरांनी दिलेला वर्तणुकीचा दाखला दाखवून कुणाला नोकरी लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही. न लागल्याचं मात्र दोन-तीनदा ऐकलं आहे.

आमची शाळा कारंजा (घाडगे)ची. मी तिथे मराठी शिकवते, ढोले सर इंग्रजी शिकवत. शाळेतले बाकी सगळे शिक्षक दाखला लिहिताना तीनच इंग्रजी विशेषणं वापरत: रेग्युलर, सिन्सिअर, हार्डवर्किंग. ही तिन्ही छापूनच घ्यावीत, फक्त नाव भरायची जागा मोकळी ठेवावी, अशी सूचना एका मुख्याध्यापकांनी केली होती. सूचना व्यवहार्य होती. आड आले ते ढोले सर. इंग्रजीचे शिक्षक म्हणून ते या विशेषणांचे शाळेतले पालक होते आणि त्यांनी ती वाटायला नकार दिला. दाखला मागायला आलेल्या पोराला ते समोर उभं करत, मिनिटभर त्याच्याकडे बघत आणि मग लिहीत. एकाला लिहून दिलं होतं, 'हा मुलगा रोज येतो. नाला भरून वाहत असला तरी येतो. आल्यावर काय करतो हे मला चार वर्षांत समजलेलं नाही.'

दिनेश चाफले नावाच्या मुलाच्या दाखल्यात लिहिलं, 'पुढच्याचं पाहून लिहितो. विचारलं तर लगेच कबूल करतो.' दुसऱ्या दिवशी दिनेशचे वडील दाखला घेऊन शाळेत हजर.

"सर, पोराची इज्जत काढली तुम्ही."

"वाईट कोठी लिहिलं, भाऊ? कबूल करते म्हणून लिहिलं ना. या शाळेत दुसरा कोण कबूल करते, सांगा बरं."

"थे ठीक हाये. पण पयलं वाक्य काढून टाका."

"पयलं काढलं तं दुसऱ्याले काय अर्थ राह्यते?"

मुख्याध्यापक मध्ये पडले. "ढोले, सिन्सिअर लिहायला तुमचं काय जातं?"

"माझं काई नाई जात, सर," ढोले सर म्हणाले. "शब्दाचं जाते."

दाखला तसाच राहिला. दिनेशच्या वडिलांनी जाताना शाळेच्या पायरीवर पान थुंकलं. आमच्याकडे एवढा निषेध पुरेसा मानतात.

सर दिसायला उंच होते आणि उंच माणसं वर्गात फळ्याशी वाकून वाकून होतात तसे खांद्यातून पुढे आलेले होते. वर्गात शुद्ध बोलत, स्टाफरूममध्ये वऱ्हाडी बोलत, आणि इंग्रजी इतकं जपून बोलत की जणू ते दुसऱ्याचं आहे आणि संध्याकाळी परत करायचं आहे. शब्दकोश उघडायच्या आधी हात धुऊन येत. खडूची बोटं पानाला लागू नयेत एवढंच कारण होतं, पण नवीन आलेल्या शिक्षकांना ते सोवळं वाटे.

त्यांचा खरा छंद म्हणजे शब्दांची सोयरीक काढणं. आमच्याकडे स्थळ आलं की पोराच्या पगाराआधी विचारतात, कोण्या गावचे, मामा कोण. सरांना शब्दाबद्दल तेच प्रश्न पडत. चहा पिता पिता एकदम विचारत, "मॅडम, 'साधा' हा शब्द आला कोठून?" मी वीस वर्षं मराठी शिकवत होते आणि 'साधा' कुठून आला याची मला कधी गरज पडली नव्हती. तसं सांगितलं की सर म्हणत, "पाहून ठेवजा." ते टोमणा म्हणून म्हणत नसत. दोन दिवसांनी खरंच विचारत.

'सिन्सिअर'वर त्यांचा विशेष जीव होता. हा शब्द आता आमच्याकडे मराठीच झाला आहे. 'पोरगा सिन्सिअर आहे' म्हणजे फार हुशार नाही, पण उलट बोलत नाही. लग्नाच्या बोलणीत मुलगी सिन्सिअर असते, म्हणजे मोबाइल कमी पाहते. कचेरीतला कारकून सिन्सिअर असतो, म्हणजे साहेबाच्या आधी येतो आणि साहेबानंतर जातो. मधल्या वेळाबद्दल शब्द काही सांगत नाही. एखाद्याबद्दल बोलण्यासारखं काहीच सापडलं नाही की हे विशेषण कामाला येतं. भाजीत काही नसलं की बेसन येतं, तसं.

या शब्दाची झालेली ही दशा सरांना बघवत नसे. म्हणून दर वर्षी नववीच्या वर्गावर ते एक तास घेत. त्या तासाला पोरं 'नंदीचा तास' म्हणत.

तान्ह्या पोळ्याला आमच्या भागात लहान पोरं लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघर फिरतात. तसले दोन नंदी सरांकडे होते. एक धड, पण रंग उडालेला. दुसऱ्याची मान मधोमध तडकलेली. तासाच्या आदल्या दिवशी सर ती चीर मेणाने बुजवत आणि त्यावर गेरूचा हात फिरवत. शाळा उघडल्यानंतर पावसाने दडी मारलेला एखादा कडक उन्हाचा दिवस ते निवडत. तास सुरू झाला की दोन्ही नंदी टेबलावर. "यातला चांगला कोणता?" वर्ग एकमुखाने मेणवाल्याला निवडून देई. मग सर दोघांनाही खिडकीबाहेरच्या पत्र्यावर उन्हात ठेवत आणि गोष्ट सुरू करत.

गोष्ट रोमची. तिथले मूर्तिकार, संगमरवरी मूर्ती, घडवताना दगडाला जाणारे तडे. लबाड मूर्तिकार तडा मेणाने बुजवून मूर्ती विकतो, गिऱ्हाईक ती अंगणात ठेवतं, उन्हाळा येतो आणि देवाचं नाक ओघळतं. मग चांगले मूर्तिकार आपल्या मूर्तीखाली दोन लॅटिन शब्द लिहू लागतात: सिने सेरा. मेणावाचून. इथवर येईपर्यंत अर्धा तास गेलेला असे. सर खिडकीतून नंदी आत घेत. एकाच्या मानेवरून मेण आणि गेरू ओघळून पोटापर्यंत आलेला असे, चीर उघडी. सर दोघांना शेजारी शेजारी ठेवत आणि आवाज न चढवता म्हणत, "उन्हात ठेवला तरी जो तसाच राहतो, तो सिन्सिअर. आता सांगा, दाखल्यात हा शब्द कोणाकोणाला पाहिजे?"

एकही हात वर होत नसे.

हा तास मी माझा वर्ग सोडून व्हरांड्यात उभी राहून पाच-सहा वेळा ऐकला आहे. व्याख्यानांचा मला तिटकारा आहे आणि बोधकथांचा त्याहून जास्त, पण तिथून पाय निघत नसे. त्या नंदीने केलेलं काम शाळेतल्या कुठल्याही सुविचाराच्या फलकाला जमलं नाही. हायवेवर एका ढाब्याचा मालक आमचा विद्यार्थी आहे. इंग्रजीत तो तीनदा नापास झाला. एकदा कणीक मळता मळता त्याने मला रोमची सगळी गोष्ट सांगितली, ओघळलेल्या नाकासकट.

आणि मग सर वर्ध्याला गेले.

दहावीचे पेपर तपासायच्या कामाला गेले होते. दुपारी काम लवकर आटोपलं, बस संध्याकाळची, म्हणून एका कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसले. तिथे इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा जाडजूड कोश होता. मतदारयादी हातात आली की माणूस आधी आपलं नाव शोधतो, तसा सरांनी आधी आपला शब्द काढला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: शुद्ध, निर्भेळ, अखंड. बहुधा 'एक' आणि 'वाढणे' अशा अर्थाच्या दोन जुन्या धातूंपासून. एकाच वाढीचं. मेणाच्या गोष्टीला आधार नाही.

"मॅडम, मेण नाई."

"कुठलं मेण?"

"कोठलंच. रोमात कोणी लावलं असंन, नसंन, आपल्याले माहीत नाई. पण या शब्दात नाई."

मग त्यांनी शब्दाची पुढची हकिकत सांगितली. इंग्रजीत आला तेव्हा तो फक्त माणसांचा नव्हता. भेसळ नसलेल्या वस्तूला तो लावत. पाणी न घातलेली दारू सिन्सिअर असायची. धर्माचं शुद्ध मत सिन्सिअर असायचं. होता होता दारूला लावणं सुटलं आणि माणसाच्या बोलण्याला, भावनेला लावणं तेवढं उरलं.

"म्हणजे आपल्या गावातल्या दुधाला लावता येणार नाही," मी म्हटलं.

एरवी ते हसले असते. त्या दिवशी चिठ्ठीची घडी घालत राहिले. "सत्तावीस वर्षं सांगितलं मी. सत्तावीस वर्गाले. आणि गोष्टीत कोठीच 'बहुधा' नव्हतं, मॅडम. तेव्हाच मले शंका यायले पाहिजे होती. खऱ्या गोष्टीत कोठी ना कोठी 'बहुधा' राह्यते."

"पण त्या गोष्टीतून पोरं चांगलंच शिकली ना?"

"थेच तं वाईट हाये," सर म्हणाले. "वाईट शिकले असते तं कोणी तपासलं तरी असतं."

पुढचा जुलै आला. सरांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. पावसाने दडी मारली. एके दिवशी मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं, खिडकीबाहेरच्या पत्र्यावर दोन नंदी उन्हात उभे होते. मी थांबले. सरांनी गोष्ट पूर्ण सांगितली. खरं सांगायचं तर इतकी चांगली त्यांनी कधीच सांगितली नव्हती. नाक ओघळलं तेव्हा मागच्या बाकावरचा पोरगा उभाच राहिला होता.

तास संपल्यावर सर स्टाफरूममध्ये आले, हात धुतले, बसले. चहा आला तो निवला.

"आज मी माहीत असून सांगितलं," ते म्हणाले.

"का?"

"पोरं वाट पाहून राह्यले होते. मोठ्या पोरांनी त्याहिले आधीच सांगून ठेवलं होतं, नंदीचा तास राह्यते म्हणून. मी उभा राह्यलो तं सारे खिडकीकडं पाहून राह्यले." मग निवलेला चहा संपवून म्हणाले, "उद्या सांगतो त्याहिले खरं."

उद्या पाऊस लागला. परवा घटक चाचणी. मग पोळा, गणपती, सहामाही. चूक सुधारायला योग्य असा दिवस शाळेच्या वेळापत्रकात नसतोच. उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभात सात जण बोलले, पाच जणांनी 'ज्ञानयज्ञ' हा शब्द वापरला आणि मुख्याध्यापक शेवटी म्हणाले की ढोले सर म्हणजे साक्षात मेणावाचून माणूस. सरांची मान खाली गेली. लोकांना वाटलं, गहिवरले.

आता दिनेश चाफलेकडे यायला हवं. पुढच्याचं पाहून लिहिणारा आणि कबूल करणारा तो मुलगा मधल्या काळात दिनेशभाऊ झाला होता. आधी हायवेवर टायरचं दुकान, मग लग्नाचं लॉन, आणि आता तळेगावहून कारंज्याला येताना डाव्या हाताला इंग्रजी माध्यमाची शाळा. शाळेच्या फाटकाला असे खांब आहेत की शेजारी दोन हत्ती बांधले असते तर शोभले असते. मी रोज आर्वीहून एसटीने येते, त्यामुळे ही शाळा पायापासून कळसापर्यंत माझ्या डोळ्यांदेखत उठली. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष झालं असेल, तेव्हा दिनेश त्यांच्या घरी पत्रिका घेऊन गेला. फाटकाशी संगमरवरी शिळा बसवली होती, तिचं अनावरण मंत्र्यांच्या हस्ते होतं आणि सर प्रमुख पाहुणे. शिळेवर काय आहे ते पत्रिकेतच छापलं होतं: रोमची गोष्ट, सोनेरी इंग्रजी अक्षरांत, आणि खाली सरांचं नाव.

सरांनी मला फोन केला. "मॅडम, समारंभाच्या आधीच, या रविवारी माझ्यासंग याल काय दिनेशच्या शाळेत? तुम्हाले सारं माहीत हाये. साक्षीदार म्हणून या."

आम्ही गेलो. शिळेवर कापड होतं. दिनेशने ते कौतुकाने बाजूला केलं. सरांनी चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"दिनेश, हे खोटं हाये."

"नाई सर, अस्सल मकराणा हाये. मी स्वतः जाऊन आणला."

"दगड नाई रे. गोष्ट."

दिनेशने माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे पाहिलं. सरांनी त्याला सगळं सांगितलं: कोश, दोन धातू, बहुधा, आणि शेवटच्या वर्षी माहीत असून घेतलेला तास. काहीच वगळलं नाही. दिनेश ऐकत होता. त्याच्या हातातला फोन दोनदा वाजला, त्याने दोनदा बंद केला.

"सर, एक सांगू? टायरच्या धंद्यात सारे लोक जुन्या टायरले काळा रंग मारून विकत. फाटलं असलं तं आतून ठिगळ. बाहेरून नवंकोरं. मी नाई विकला. दोन वर्षं दुकान चाललं नाई, बाबूजी रोज शिव्या देत. मले मात्र थो नंदी दिसे. मानेवरून मेण उतरून राह्यलेला. आता तुम्ही म्हणता मेण नाई. मंग मी काय समजू?"

सरांनी शिळेवरचं कापड परत नीट ओढून घेतलं.

"तू केलं थे बरोबर केलं. मी सांगितलं थे चूक सांगितलं."

"दोन्ही कसं होईन, सर?"

"होते," सर म्हणाले. ते 'होते' इतक्या बारीक आवाजात होतं की त्यांनाही ते पटलं असावं असं वाटलं नाही. मग म्हणाले, "दगड नाई काढत तं नको काढू. निदान खालून माझं नाव तरी काढ. मेल्यावरही मी हेच सांगत राहीन इथं. रोज. हजार पोराईले."

"नाव काढलं तं दगडाले काय अर्थ राह्यते, सर?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. दिनेशच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. ते निघाले. वाटेत एवढंच म्हणाले, "स्टेजवर बोलीन मी. माइकवर बोललं म्हणजे साऱ्याईले कळते."

या एका वाक्यावरून समजावं की सर किती कमी समारंभांना गेले होते.

समारंभ झाला. मांडवात तीन सूत्रसंचालक होते, कारण तिघांनाही नाराज करता येत नव्हतं. मंत्री दोन तास उशिरा आले. तोवर शाळेच्या मुलींनी एकच स्वागतगीत चारदा म्हटलं. शिळेवरचं कापड दोरीने ओढायचं होतं. दोरी तुटली, कापड हातानेच काढलं, टाळ्या झाल्या. सरांना दोन मिनिटं मिळाली. ते माइकसमोर उभे राहिले आणि वर्गात बोलत तसं शुद्ध मराठी बोलले.

"या दगडावर लिहिलेली गोष्ट मी शिकवली. ती चूक आहे. या शब्दाचा मेणाशी संबंध नाही. मला हे तीन वर्षांपूर्वी कळलं. कळल्यानंतरही मी ती एकदा एका वर्गाला शिकवली. त्या वर्गातली मुलं इथे असतील तर त्यांची मी माफी मागतो. शाळेच्या फाटकावर चुकीची गोष्ट नसावी. एवढंच."

पुढच्या रांगेतल्यांनी माना वळवून शिळेकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, पोचलं. तेवढ्यात तिघांपैकी एका सूत्रसंचालकाने माइक हातात घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "मित्रहो, आपल्या शिखरावर उभं राहून स्वतःला चूक म्हणणं, ही केवढी विनम्रता. यालाच म्हणतात मेणावाचून माणूस." लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मंत्र्यांनी आपल्या भाषणात सांगितलं की राजकारणातही आपण सदैव मेणावाचूनच राहिलो. सरांच्या खांद्यावर शाल पडली. ते माइककडे परत जायला वळले, पण तिथे आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

परत येताना दिनेशची गाडी आम्हाला सोडायला आली. सर शाल मांडीवर घेऊन बसले होते.

"मॅडम, मी मराठीतच बोललो ना?"

"मराठीतच."

"स्पष्ट?"

"अगदी."

"मंग?"

मी म्हटलं, "सर, सत्काराला उभा राहिलेला माणूस काय बोलतो ते कुणी ऐकत नाही. तो बोलतोय एवढं ऐकतात."

ते बोलणं मला तेव्हा चमकदार वाटलं होतं. सरांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं, तेव्हा ते जागीच निकामी झालं.

त्यानंतर काही महिने सर जुने विद्यार्थी गाठून एकेकाला सांगत फिरले. बाजारात, बँकेत, एसटी स्टँडवर. एकदा मी ढाब्यावर चहाला थांबले होते तेव्हा ते त्या तीनदा नापास झालेल्या मालकासमोर बसले होते.

"मेण नाई तं मंग काय हाये, सर?" तो विचारत होता.

"एकाच वाढीचं. भेसळ नाई. बियाण्यात दुसरं बी मिसळलेलं नसलं तं साऱ्या वावरात कपाशीची पराटी एकसारखी येते ना? तसं. बहुधा."

"हे तं सोपं हाये."

"हो ना?"

"पण सर, मेणात मजा होती."

"होती," सर म्हणाले. वर्गात बरोबर उत्तराला देत तेवढीच मान त्यांनी या उत्तरालाही दिली. मग बिस्किटाचा पुडा फोडून अर्धा माझ्यापुढे सरकवला.

दिनेश त्यांच्याकडे परत गेला तो दिवाळीनंतर. एकटाच, सकाळी, पायजम्यावर. हे मला सरांनीच सांगितलं. दारातच म्हणाला, "सर, चुकलो. तुम्ही स्टेजवर बोलले थे मले समजलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. साऱ्याईनं वाजवल्या म्हणून वाजवल्या." मग आत येऊन बसला. "दगड काढला तं गाव म्हणीन, दिनेशचं सरासंग बिनसलं. ठेवला तं तुमच्या जिवाले घोर. मी काय करू सांगा. तुम्ही म्हणान थे करतो. काढ म्हणा, आज काढतो."

सरांनी त्याला चहा दिला आणि उत्तर आठ दिवसांनी देतो म्हणून सांगितलं. एरवी विद्यार्थ्याच्या प्रश्नाला त्यांनी इतका वेळ कधी घेतला नव्हता. आठव्या दिवशी त्यांनी दिनेशला कळवलं: दगड राहू दे, नावही राहू दे. मला दर वर्षी नववीचा एक तास दे. वर्गात नको. फाटकापाशी.

"फाटकापाशी कशाला?" मी विचारलं होतं.

"फळा तिथंच हाये ना," सर म्हणाले.

त्या तासात ते काय करणार आहेत हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सविस्तर सांगितलं असतं, आणि सविस्तर सांगितलेल्या योजनांवर माझा फारसा विश्वास नाही. त्या हिवाळ्यात त्यांची तब्येत बिघडली, मुलाकडे अमरावतीला राहून आले. भेटी कमी झाल्या. फोनवर आवाज बारीक झाला होता. तास होईल की नाही, मला शंकाच होती.

या जुलैत एका सकाळी माझी एसटी त्या फाटकासमोर अडकली. पुढे एका ट्रकचा पाटा तुटला होता आणि गाड्या एकामागे एक थांबल्या होत्या. मी खिडकीशी होते. काच वर जाऊन अडकलेली, खाली येत नव्हती, त्यामुळे आवाज काही ऐकू येत नव्हता. फाटकाच्या आत, शिळेसमोर, निळ्या गणवेशातली चाळीसेक मुलं अर्धवर्तुळात उभी होती. मध्ये सर. अंगावरचा शर्ट त्यांना आता मोठा होत होता. ते दगडावर बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवत होते. त्यांनी हवेत हाताने नाक ओघळून दाखवलं आणि मुलं हसली. मग ते बराच वेळ बोलले. बोलताना एकदा दगडाकडे हात केला, एकदा स्वतःच्या छातीकडे. मुलं हसायची थांबली. दोन-तीन मुलींनी शिळेच्या जवळ जाऊन खालचं नाव वाचलं आणि मागे वळून सरांकडे पाहिलं.

सर दगडापासून दोन पावलं बाजूला झाले. त्यांनी वर्गाला काहीतरी विचारलं; ओठांवरून मला 'चूक कोणाची?' एवढंच लागलं.

हात वर गेले. आधी पुढचे, मग मागचे, मग सगळे. वर गेलेले हात वरच राहिले नाहीत. चाळीस बोटं खाली आली आणि सरळ सरांवर रोखली गेली.

सरांनी चष्मा काढला, अर्धवर्तुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका बोटाकडे नीट पाहिलं आणि होकाराची मान हलवली. पुढचा ट्रक बाजूला झाला, कंडक्टरने घंटी मारली. मी मागे वळून बघत होते, तोवर ते दोन्ही हात पाठीशी बांधून, खांदे जरा सरळ करून, तिथेच उभे होते.